दुकानाच्या वेळेत बसणारं विद्यापीठ

गल्लीतले लोक तिला बोलकी म्हणत. ती सात वर्षांची असल्यापासून हे नाव तिला चिकटलं होतं, कारण लाँड्रीच्या काउंटरवर बोलणारी ती एकटीच होती. बाबांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आईचे कान लहानपणीच्या तापात गेले होते. दोघं मिळून कपडे धुवायचे, डाग काढायचे, वाफेच्या इस्त्रीखालून कोट काढून हँगरला लावायचे, आणि गिऱ्हाईक काय म्हणतंय ते बोलकी त्यांना हातांनी सांगायची. सुरुवातीला काउंटरच्या वर तिचं नुसतं कपाळ दिसायचं, म्हणून बाबांनी साबणाच्या पावडरीचा रिकामा डबा तिच्या पायाखाली दिला होता.

आता ती विद्यापीठात भूगोलाच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिचे तास सकाळी असत म्हणून बाबांनी दुकानाच्या वेळाच बदलल्या होत्या. दारावरच्या पाटीवर दुपारी एक ते रात्री नऊ असं लिहिलं होतं. गिऱ्हाइकांना ही वेळ विचित्र वाटे, पण डाग काढण्यात बाबांचा हात धरणारं त्या भागात कोणी नव्हतं, त्यामुळे लोक कुरकुरत का होईना येत.

हातांच्या भाषेत 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे नसतात, बोट समोर रोखलं की काम झालं. बाबा गिऱ्हाइकाकडे बोट रोखून सांगत, "उशिरा आलास, उद्या ये." बोलकी म्हणे, "आज जरा घाई आहे हो, उद्या आलात तर बरं होईल." उलटंही तसंच. गिऱ्हाईक म्हणे, "काय धुतलंय की नुसतं पाण्यात बुडवलंय?" बोलकी बाबांना सांगे, "कॉलर पुन्हा एकदा बघा म्हणतायत." हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. डब्यावर उभी असतानाच तिला कळून चुकलं होतं की दोन्ही बाजूंचं सगळंच्या सगळं पोहोचवलं तर दुकान आठवडाभर चालायचं नाही.

एक्स्चेंजची सूचना विभागाच्या फळ्यावर लागली तेव्हा तिने ती वाचली आणि पुढे गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचली. एक सत्र, म्हणजे साधारण सहा महिने, परदेशातल्या विद्यापीठात. शुल्क माफ, राहायची सोय तिथल्या वसतिगृहात. तिला नद्यांचं वेड होतं. नदी समुद्राला मिळते तिथे गाळ कसा साचतो, किनारा कसा सरकतो, जुन्या नकाशावरचं बंदर आज शेताच्या मध्यावर कसं सापडतं, हे ती वाचत बसे. यादीत एक विद्यापीठ नेमकं अशाच एका नदीच्या मुखावर होतं. त्यांच्याकडे एक लहान बोट होती आणि विद्यार्थ्यांना गाळाचे नमुने काढायला ती बोट घेऊन जात.

तिने वसतिगृहाचे, बोटीचे, रबरी बूट घातलेल्या मुलामुलींचे सगळे फोटो बघितले. मग तिथलं घड्याळ बघितलं. तिथे सकाळी आठ वाजता तास सुरू होत तेव्हा इथे दुपारचा एक वाजत असे. तिथले तास आणि इथलं दुकान अगदी एकाच वेळी सुरू होत आणि जवळपास एकाच वेळी बंद होत.

मग तिने यादीतल्या बाकीच्या विद्यापीठांची घड्याळं बघायला सुरुवात केली. पूर्वेकडे एक सापडलं, जिथे संध्याकाळी तास संपले की इथे दुकान उघडणार होतं. काउंटरवर फोन उभा करून ठेवला तर ती तिथल्या खोलीतून गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकून पडद्यावर हातांनी सांगू शकली असती. पहिली पसंती म्हणून तिने तेच भरलं. नदीवालं भरलंच नाही.

एक्स्चेंजचं काम बघणाऱ्या मॅडम मोकळ्या स्वभावाच्या होत्या. त्यांच्या टेबलावर फायलींपेक्षा कुंड्या जास्त होत्या. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, "इथे तुझ्या विषयाचं काय आहे? मला तर पर्यटन व्यवस्थापन सोडून काही दिसत नाही."

"पर्यटनही भूगोलातच येतं ना, मॅडम."

"येतं की. तसा कावळाही पक्ष्यांतच येतो. तुझे सर म्हणत होते तू नद्यांवर लिहितेस."

बोलकीने मान खाली घातली. "वेळ जुळते," ती म्हणाली.

"कसली वेळ?"

मग तिला दुकानाचं सांगावं लागलं. मॅडमनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "पसंती अजून बदलता येईल. पण आधी पालकांना घेऊन ये. संमती माझ्यासमोर द्यावी लागते, तसा नियम आहे. घरी सांगितलंयस ना?"

"हो," बोलकी म्हणाली. सांगितलं नव्हतं.

रविवारी दुकान बंद असे आणि एक रविवार सोडून आत्या येत असे. आत्या ही बाबांची मोठी बहीण. बोलकीच्या आधी बाबांचे कान तीच होती. शाळेत, दवाखान्यात, दुकानाची जागा घेताना, सगळीकडे तीच बाबांच्या शेजारी उभी असे. लग्न करून ती शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. आता मुलं मोठी होऊन पांगली होती, नवरा निवृत्त झाला होता, आणि आत्या साठीच्या उंबरठ्यावर पोहायला शिकत होती. घरात सगळ्यांना त्याचं हसू येई. आत्या म्हणे, "पाण्यात डोकं घातलं की कोणी हाक मारत नाही. एवढं सुख मला आजवर कुठे मिळालं नव्हतं."

त्या रविवारी जेवणं झाल्यावर बोलकीने सांगून टाकलं. टेबलाशी बसून, हातांनी, एका दमात. आत्या शेजारीच होती, त्यामुळे निदान एका माणसाला तरी पुन्हा सांगावं लागणार नव्हतं.

आईचे डोळे आधी मोठे झाले. मग तिने विचारलं, "थंडी असते तिथे?" बाबांनी काहीच विचारलं नाही. ते उठले, भिंतीला लावलेला इस्त्रीचा फळा उघडला आणि घरातल्याच उशांचे अभ्रे इस्त्रीला घेतले. हातात इस्त्री आली की बाबांचं बोलणं बंद. त्यांच्याशी भांडायचं तर आधी त्यांचे हात रिकामे व्हावे लागत, आणि अभ्रे पुष्कळ होते.

आत्याने चहाचा कप दोन्ही हातांत धरला. हात गुंतलेले असले की ती जे बोलते ते फक्त बोलकीसाठी असतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. चेहरा हसरा ठेवून ती तोंडाने म्हणाली, "तू गेलीस तर यांचं काय होईल, विचार केलायस?"

"आत्या, सहाच महिने."

"मी लग्न करून गेले तेव्हा तुझ्या बाबाने दुकान महिनाभर बंद ठेवलं होतं. काउंटरवर उभं राहायची हिंमतच होईना. मी सासरी भाकऱ्या भाजत रडायचे. मग तुझी आई आली, ती माणसांना घाबरत नाही, म्हणून निभावलं. आणि मग तू झालीस. तू बोलायला लागलीस त्या दिवशी तुझ्या बाबाने अख्ख्या गल्लीला फुकट इस्त्री करून दिली."

"मग मी काय करू?"

"मी कुठे जाऊ नको म्हणतेय. मी नुसतं सांगतेय."

आईने टेबलावर थाप मारली. "काय म्हणतेय ती?"

बोलकीने आत्याकडे बघितलं. आत्याने शांतपणे चहाचा घोट घेतला.

"थंडी असते म्हणतेय," बोलकीने हातांनी सांगितलं.

पालकांना घेऊन ती विद्यापीठात गेली त्या दिवशी बाबांनी ठेवणीतला कोट घातला होता. मॅडमनी तिघांना खुर्च्या दिल्या, आणि मग सगळे करतात तेच केलं. त्या बोलकीकडे बघून बोलू लागल्या. "त्यांना सांग की मुलगी हुशार आहे."

"मॅडम, त्यांच्याकडे बघून बोला. मी सांगते."

मॅडम ओशाळल्या आणि बाबांकडे वळल्या. त्यांनी वसतिगृह, विमा, तिथल्या प्राध्यापकांची देखरेख असं सगळं नीट समजावलं. बोलकीचे हात भराभर चालत होते. बाबा तिच्या हातांकडे बघत होते, तिच्या चेहऱ्याकडे नाही. ऐकून झाल्यावर ते बोलू लागले. आता आवाज तिचा लागणार होता.

"मला हे मान्य नाही," बोलकी म्हणाली.

मॅडम गोंधळल्या. "तुला मान्य नाही?"

"मला नाही, त्यांना. मी म्हणजे ते."

"बरं. विचार, का मान्य नाही?"

बाबांचे हात थांबत नव्हते. बोलकी सांगत गेली. "माझं दुकान आहे. दुकानाला तोंड लागतं. मला लिहिता येतं, पण गिऱ्हाइकाला थांबायला वेळ नसतो. माझी बायको दवाखान्यात होती तेव्हा डॉक्टर काय म्हणतात ते हिनेच सांगितलं, तेव्हा ही नऊ वर्षांची होती. उद्या असं काही झालं तर मी कोणाला विचारू? हिला शिकू नको असं मी कधी म्हटलं नाही. हिच्या शिक्षणासाठी मी दुकानाच्या वेळा बदलल्या. आता मी आणखी काय बदलू? ही जाणार नाही."

नेहमीप्रमाणे तिला यातलं काही मऊ करता आलं असतं. 'जाणार नाही'चं 'अवघड आहे' करता आलं असतं. पण इथे समोर तिचंच काम होतं, आणि स्वतःसाठी एक शब्द जरी फिरवला तरी ती लबाडी झाली असती. म्हणून तिने तो नकार जसाच्या तसा, स्वतःच्या तोंडाने दिला. बोलताना तिला जाणवलं की हे वाक्य तिच्या आवाजात फार सहज बसतं आहे. जणू ते ती कधीपासून म्हणतच होती.

आईने बाबांच्या दंडाला हात लावला. मग दोघांचं जुंपलं. हातवारे इतके जोरात होऊ लागले की मॅडमनी आपली एक कुंडी हळूच बाजूला सरकवली. "काय म्हणतायत?" त्यांनी विचारलं.

"आई म्हणते, डॉक्टरांनी मला आता मूल होणार नाही असं सांगितलं, ते माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला मला सांगावं लागलं, आणि तू त्याचा मोठेपणा सांगतोस." बोलकी समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होती. "बाबा म्हणतात, मग दुसरं कोण होतं? आई म्हणते, कोणी नव्हतं. तेच तर वाईट होतं." ती मॅडमकडे वळली. "मॅडम, एवढं सगळं सांगायलाच हवं का?"

"नाही गं. नको सांगूस."

आईने आता मॅडमकडे बोट रोखलं आणि एक प्रश्न विचारला. बोलकीने तो पोहोचवला. "किती सह्या लागतात?"

"एक पुरे," मॅडम म्हणाल्या. "आई किंवा वडील."

आईने टेबलावरचं पेन उचललं. सही करायच्या आधी तिने बोलकीला विचारलं, "नदी कुठल्या विद्यापीठात आहे?" बोलकीने घरी नदीचा उल्लेखही केला नव्हता. पण आई रोज तिच्या टेबलावरचा पसारा आवरत होती, आणि ती नकाशे बघू शकत होती. बोलकीने नदीवाल्या विद्यापीठाचं नाव बोटांनी अक्षर अक्षर करून सांगितलं. "तेच लिही," आई म्हणाली आणि सही केली. बाबा उठून बाहेर गेले. ते खाली बसथांब्यावर उभे असलेले सापडले आणि तिघं बसमध्ये एकाच बाकावर बसून घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोलकी काउंटरपाशी गेली तेव्हा बाबांनी तिला आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. "तुला जायचंय ना? मग आत्तापासून जा."

शिक्षा म्हणून की सराव म्हणून, तिला कळेना. बाबांनी एक पाटी आणि खडू आणून ठेवला. बोलकी पडद्यामागे, धुतलेल्या कपड्यांच्या रांगांमध्ये स्टूल टाकून बसू लागली. पुस्तक मांडीवर असे पण एक ओळ पुढे सरकत नसे. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. कोणी म्हणे, "अहो, उद्या संध्याकाळी, उद्या." कोणी उगाचच ओरडून बोले, जणू आवाज वाढवल्याने बाबांचे कान उघडणार होते. कोणी निमूटपणे पाटीवर लिही. तिचे हात मांडीवरच्या मांडीवर हलत, ऐकलेलं सांगत, आणि बघायला कोणी नसे. दुकानात होती तेव्हा तिला वाटे की इथून सुटायला हवं. आता दुकानाने तिला बाहेर काढलं होतं, आणि तरी ती त्याच दुकानात बसून होती.

मुलाखत संगणकावरून झाली. विद्यापीठात शांत खोली मिळेना म्हणून तिने पांढऱ्या चादरी टांगलेल्या कोपऱ्यातच बसून ती दिली. पलीकडे तिघं जण होते. त्यांनी स्वतःबद्दल सांगायला सांगितलं. तिने लाँड्रीबद्दल सांगितलं, आईबाबांबद्दल सांगितलं, हातांच्या भाषेबद्दल सांगितलं. तिघं आस्थेने ऐकत होते. मग त्यांच्यातल्या वयस्क बाईंनी विचारलं, "हे छानच आहे. आणि तुम्ही? तुम्हाला इथे का यायचं आहे?"

बोलकीने तोंड उघडलं. "मी," ती म्हणाली, आणि पुढे काही येईना. इतकी वर्षं तिने 'मी' म्हटलं होतं ते बाबांसाठी, आईसाठी, कधी पलीकडच्या गिऱ्हाइकासाठी. त्या शब्दाच्या मागे कोणी उभं असे आणि तिने फक्त त्याच्या हातांकडे बघायचं असे. आता बघायला समोर कोणाचे हात नव्हते. पडद्यावर तिघं वाट बघत होते. त्यातल्या एकाला वाटलं आवाज तुटला, त्याने कानाकडे बोट दाखवून विचारलं.

"ऐकू येतंय," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "नदीने आणलेला गाळ मला हातात घेऊन बघायचा आहे. मी तो फक्त चित्रात बघितला आहे."

त्यांनी आभार मानून कॉल बंद केला. आपलं काम बिघडलं अशी तिची खात्री झाली. आणि खरं सांगायचं तर तिला थोडं हायसंही वाटलं.

पुढच्याच आठवड्यात कोटवाला आला. तो नियमित गिऱ्हाईक नव्हता. उंची करडा कोट टाकून गेला होता आणि आता न्यायला आला होता. पडद्याच्या फटीतून बोलकीला त्याची पाठ आणि बाबांचा चेहरा दिसत होता. कोटवाल्याने बाहीवरचा डाग दाखवला. बाबांनी पाटीवर लिहिलं: डाग जुना. आधी सांगितलं होतं. निघणार नाही.

"कोणी सांगितलं होतं? तू सांगितलंस? तुला बोलता येतं का?" कोटवाला म्हणाला. बाबा त्याच्या ओठांकडे बघत सौजन्याने मान हलवत होते. त्यांना वाटत होतं तो डागाबद्दल विचारतोय. त्याने ते ओळखलं आणि त्याला चेव आला. तशाच हसऱ्या तोंडाने, सावकाश, तो बाबांना शिव्या देऊ लागला. बहिऱ्या म्हणाला, जनावर म्हणाला, तुझ्यासारख्यांना दुकान कोणी काढू दिलं म्हणाला. बाबाही हसले. समोरचा हसतोय म्हणजे मिटलं, असं त्यांना वाटलं असावं.

बोलकी पडदा सारून बाहेर आली. बाबांनी तिच्याकडे न बघताच तळहात आडवा धरला. आत जा. ती थांबली. कोटवाल्याने तिला बघितलं, तिला ऐकू येतंय हे त्याला तिच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि त्याचं हसू उतरलं. त्याने कोट उचलला आणि पैसे न देता दार आपटून गेला. दार आपटल्याचा हादरा बाबांना पायातून जाणवला.

त्यांनी खडू खाली ठेवला, हात पुसले आणि तिच्याकडे वळले. "काय म्हणाला?"

तीन आठवड्यांत त्यांनी तिला विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"पुन्हा येणार नाही म्हणाला," बोलकीने सांगितलं.

"एवढंच? तोंड पुष्कळ वेळ हलत होतं."

बाबा वाट बघत राहिले. ते हलत नव्हते, इस्त्रीकडेही जात नव्हते. मग तिने सांगितलं. एकही शब्द न गाळता, त्याच क्रमाने, तो जसा हसत होता तेही. शिव्यांना हातांच्या भाषेत वेगळ्या खुणा असतात, त्या तिने बाबांसमोर कधी केल्या नव्हत्या. त्या करताना तिची बोटं आखडली.

बाबांनी शेवटपर्यंत बघितलं. "असं नेहमी बोलतात?"

"नेहमी नाही."

"तू मला वेगळं सांगतेस."

"हो."

"कधीपासून?"

तिने तळहात जमिनीपासून थोडा वर धरला. इतकी होते तेव्हापासून.

बाबा काउंटरमागे उभे राहिले. त्यांनी पाटी पुसली, कोरडी होईपर्यंत पुसत राहिले. आई मागच्या यंत्रापाशी होती, तिला यातलं काही कळलं नव्हतं. नंतर दुसरं गिऱ्हाईक आलं तेव्हा बोलकी आपणहून आत गेली नाही आणि बाबांनी तिला पाठवलंही नाही. त्या संध्याकाळी तिने नेहमीसारखं काम केलं, फक्त प्रत्येक वाक्यानंतर बाबा तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहायचे, अजून काही शिल्लक आहे का ते शोधत. तिला त्याचा इतका ताण आला की ती गिऱ्हाइकांनाच मनातल्या मनात विनवू लागली, नीट बोला.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी बाबा कोणाला न सांगता बाहेर गेले. ते आत्याकडे गेले होते, हे बोलकीला आत्यानेच सांगितलं. फोन करून म्हणाली, "तुझा बाप माझ्या दारात येऊन उभा राहिला. एकटा, दोन बस बदलून. मला वाटलं कोणी गेलंच."

"कशाला आले होते?"

"मला मागायला. सहा महिन्यांसाठी." आत्याने सुस्कारा टाकला. "शिकवणीला नाव घातलंय, नुकतीच पाठीवर तरंगायला लागलेय. म्हटलं, दुसरं कोणी बघ. तर म्हणाला, दुसऱ्या कोणी मला खरं सांगितलं नाही तर मला कळणार नाही. तू लहानपणी सगळं सांगायचीस."

"तू सांगायचीस?"

"सगळं. मारामाऱ्या झाल्यात त्यापायी. तुझ्यासारखी गोड नव्हते मी."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? तो दारात उभा होता."

निवड झाल्याची बातमी अजून आलीही नव्हती. बोलकीने तसं सांगितलं.

"येईल," आत्या म्हणाली. "तू जाणार, मी येणार. नीट ऐक. सहा महिने म्हणजे सहा महिने. तिथे कोणी आणखी एक सत्र राहा म्हणालं, काही शिष्यवृत्ती दिली, कोणी आवडलं, तरी परत यायचं. मी एकदा सुटले होते. पुन्हा तिथे म्हातारी व्हायची माझी तयारी नाही."

"हो, आत्या."

"नुसतं हो नको. शब्द दे."

बोलकीने शब्द दिला. फोन ठेवल्यावर ती जिन्यात बसून राहिली. जायला मिळावं म्हणून ती इतके दिवस धडपडत होती, आणि आता जायला मिळणार होतं ते दुसऱ्या कोणाला तरी आपल्या जागी उभं करून.

निवड झाली. मॅडमनी बोलावून सांगितलं, मुलाखत घेणाऱ्या बाईंना तिचं ते शेवटचं वाक्य आवडलं होतं. मॅडमना वाटलं ती उडी मारेल. ती म्हणाली, "आता माघार घेता येते का?"

"येते," मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत. तुझी जागा मग प्रतीक्षेतल्या मुलाला जाईल. घ्यायची आहे?"

बोलकी कुंड्यांकडे बघत राहिली. घरी आई तिच्यासाठी लोकरीचं काहीतरी विणायला घेऊन बसली होती. आत्याने तलावाच्या शिकवणीला रजा टाकली होती. बाबांनी आत्यासाठी काउंटरमागे टेकायची खुर्ची आणली होती, आणि तिच्या येण्याजाण्याच्या सोयीने दारावरच्या पाटीवरच्या वेळा पुन्हा बदलल्या होत्या. माघार घेतली असती तर या सगळ्यांना तेही पुन्हा समजावून सांगावं लागलं असतं.

"नाही," ती म्हणाली.

निघायच्या दिवशी ती दुकानात गेली. आत्या खुर्चीत बसून एका गिऱ्हाइकाशी वाद घालत होती आणि मधल्या मधल्या वेळात बाबांना सगळं हातांनी सांगत होती, गिऱ्हाइकासमोरच, काही न लपवता. बाबा लाल झाले होते, पण त्यांनी उलट उत्तर दिलं, आणि आत्याने तेही तसंच परत केलं. गिऱ्हाईक गांगरून गप्प झालं. बोलकीला हसू आलं.

बाबा वाफेच्या इस्त्रीपासून बाजूला आले. घाम पुसून त्यांनी विचारलं, "सहा महिन्यांनी परत काउंटरवर बसशील?"

तिने आत्याला शब्द दिला होता. आई दारात सामान घेऊन उभी होती. 'हो' म्हणणं सगळ्यात सोपं होतं, ते तोंडावर आलंच होतं.

"परत येईन," तिने सांगितलं. "काउंटरचं मला माहीत नाही."

बाबांनी ते बघितलं. राग आलेला दिसला नाही, आनंदही नाही. त्यांनी हात पुढे करून तिच्या कोटाची कॉलर सरळ केली, कापड दोन बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाले, "हे तिथे गरम पाण्यात घालू नकोस, आटेल." मग ते कामाकडे वळले.

विमानतळावर आई एकटीच आली. आतल्या बाजूला फक्त प्रवाशांना सोडत होते. बोलकी काचेच्या दारातून आत गेली आणि वळून बघितलं. बाकीचे लोक काचेला तोंड लावून काही सांगू बघत होते, हातवारे करत होते, कोणाचं कोणाला कळत नव्हतं. तिला आणि आईला काचेचा काही फरक पडत नव्हता. आईने विचारलं, "पोहोचल्यावर जेवायला काय मिळेल?" बोलकीने सांगितलं. आईने विचारलं, "मोजे वर ठेवलेस ना?" बोलकीने सांगितलं. मग आईने शेजारणीच्या पडद्यांबद्दल सांगायला सुरुवात केली, मग मांजराबद्दल, मग बाबांनी सकाळी चहा कसा अर्धाच घेतला याबद्दल.

मागून रांग पुढे सरकत होती. कोणीतरी तिच्या पिशवीला ढकललं. गणवेशातल्या माणसाने तिला पुढे व्हा म्हणून सांगितलं, आधी तोंडाने, मग कोपराला हात लावून. पण आई बोलत होती. बोलणारीवरून नजर काढून घेणं म्हणजे तिचं वाक्य मध्येच तोडणं, आणि ते तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. ती उलट्या पावलांनी रांगेबरोबर सरकत गेली, आईकडे बघत. मध्ये माणसं आली. आईने हात डोक्याच्या वर नेले आणि वरूनच बोलत राहिली.

रांग कोपऱ्यावर वळत होती. तिथून पुढे उलटं चालता आलं नसतं. आईचं वाक्य अजून संपलं नव्हतं; ती मांजराकडे परत आली होती. बोलकीने हात वर करून सांगितलं, "आई, मी जाते आता," आणि उत्तर बघायला न थांबता पाठ फिरवली. मग कागद दाखवले, पिशवी पट्ट्यावर ठेवली, बूट काढले, पुन्हा घातले. मागे बघितलं असतं तर बोलणं पुन्हा सुरू झालं असतं, म्हणून तिने बघितलं नाही.